मुधोळ घरात येण्याआधी : सांगलीतल्या एका कुटुंबाची तयारी

हे प्रकरण 2024 च्या एप्रिलपासूनचं. कुटुंबाला विचारून लिहितोय, नावं मात्र देत नाही. घर सांगलीहून कुपवाडकडे जाताना लागणाऱ्या एका नव्या वसाहतीत. घरात चौघं : माध्यमिक शाळेत शिकवणारे सर, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या पत्नी (पुढे मॅडम), आठवीतला मुलगा आणि सरांच्या आई. आधीचं घर गावभागात होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा ते पाण्यात गेलं, 2021 मध्ये पुन्हा पाणी दारात आलं, आणि मग त्यांनी वरच्या अंगाला चार गुंठ्यांत हे घर बांधलं. मोकळी जागा मिळाली तशी मुलाची जुनी मागणी पुन्हा सुरू झाली : कुत्रं पाहिजे.

सरांच्या मनात जात आधीच पक्की होती. त्यांचं आजोळ जमखंडीकडचं. लहानपणी सुट्टीत मामाच्या शेतावर पाहिलेलं मुधोळचं कुत्रं डोक्यातून गेलेलं नव्हतं. घरात याआधी कुणी कुत्रं पाळलेलं नाही. मॅडमना कुत्र्याचं फारसं प्रेम नाही, भीतीही नाही. आजींची एकच अट : देवघरात यायचं नाही.

मी सांगली-मिरज भागात कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम करतो. बहुतेक लोक पिल्लू आणल्यावर येतात, तेही ते सात-आठ महिन्यांचं होऊन हाताबाहेर गेल्यावर. हे कुटुंब पिल्लू घेण्याच्या आधी आलं. पहिलं कुत्रं म्हणून मी मुधोळ सहसा सुचवत नाही, आणि सरांनाही तसंच सांगितलं. गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घ्या, लस द्या, छान होईल, हा सल्ला त्यांनी नम्रपणे ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. हट्टी मालकाला मी घाबरत नाही. सहा महिने थांबायला तयार असलेला हट्टी मालक तर मला आवडतो.

नेमकी अडचण काय

मुधोळ अवघड म्हटलं की लोकांना वाटतं, चावरं असेल. तसं नाही. त्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 जाती धोकादायक म्हणून बंद करायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, त्यामुळे सरही थोडे बावरलेले होते. त्या यादीत रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो वगैरे होते, मुधोळ नव्हता. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं. कायद्याच्या बाजूने सरांना अडचण नव्हती.

अडचण कुत्र्याच्या डोळ्यांत आहे. मुधोळ, म्हणजेच आपल्याकडे लातूर-सोलापूर पट्ट्यात ज्याला कारवान म्हणतात तो, नजरेने शिकार करणारा शिकारी. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, खांद्यापाशी उंची साधारण 26 ते 28 इंच, आणि वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास. दख्खनच्या माळावर ससा, काळवीट दिसलं की सुटायचं आणि धन्याची वाट न पाहता पाठलाग संपवायचा, या कामासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं जनावर आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सांभाळली, पंचम जॉर्जला भेट दिली, हा इतिहास सरांना तोंडपाठ होता. 2005 साली टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं, 2016 मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला नेली, 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं, हेही माहीत होतं. त्यातून काय निष्पन्न होतं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

निष्पन्न हे होतं की पळतं काही दिसल्यावर या कुत्र्याला तुमची हाक ऐकू आली तरी तिचं वजन शून्य असतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड माणसाबरोबर काम करायला घडवलेत, ते मागे वळून बघतात. मुधोळने मागे वळून बघितलं असतं तर शिकारच हुकली असती. म्हणून मी सरांना पहिल्याच बैठकीत एक वाक्य वहीत लिहायला लावलं : ‘बोलावल्यावर येणार नाही, असं धरून सगळी तयारी करायची.’ येईल, बऱ्याचदा येईल, शिकवलं तर चांगलं येईल. पण ज्या एका वेळी येणार नाही, त्या वेळी समोर मिरज रस्ता असेल की कुंपण, हे आपल्या हातात आहे.

पुढचं सगळं याच वाक्यातून निघालं.

कुंपण, फाटक आणि काकूंच्या कोंबड्या

घराला चार फुटी भिंत होती. मुधोळचं वर्षाचं कुत्रं चार फूट उभ्या जागेवरून उडी मारून जातं, त्याला धावसुद्धा लागत नाही. आम्ही भिंतीवर अडीच फुटांची जाळी धरली, लोखंडी अँगल वरच्या टोकाला आत झुकवलेले. वेल्डरला हे ‘आत का, बाहेर का नाही’ समजावून सांगायला वेळ गेला, कारण त्याने आजवर चोर बाहेर ठेवायला अँगल वाकवले होते. फाटकाखाली फरशी उतरती होती, तिथे हात आत जाईल एवढी फट. पिल्लू त्यातून सहज निसटेल म्हणून खाली पट्टी मारून घेतली.

पूर्वेच्या बाजूला मात्र उंची वाढवून भागणार नव्हतं. तिकडे शेजारच्या काकूंच्या गावरान कोंबड्या आणि दोन शेळ्या. जाळीतून कोंबड्या दिसणार, फडफडणार, आणि कुत्रं दिवसभर त्या जाळीला लागून येरझाऱ्या घालणार. अशा कुत्र्याला आठवडाभरात कुंपण ओरबाडायची सवय लागते, महिन्याभरात भुंकण्याची. वासावर चालणाऱ्या कुत्र्यापुढे इथे इलाज नसता. हे नजरेवर चालतं, म्हणून इलाज सोपा : नजर बंद करायची. नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट भिंतीपासून वरपर्यंत दुहेरी ताणून बांधली. या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग तोच ठरला. बाकी कुंपणाला पिल्लाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त खर्च आला. सरांनी तो करताना कुरकुर केली, हे नोंदवायला हवं.

काकूंशी बोलणं मॅडमनी केलं. कुत्रं यायच्या आधीच ठरलं : कोंबडी मेली तर कुणाची चूक ते न बघता बाजारभावाने पैसे, त्याच दिवशी. शेळीला काही झालं तर डॉक्टरचा खर्च. काकूंना हे विचित्र वाटलं. “अजून कुत्रं आलं न्हाई आणि तुम्ही कोंबडीचा हिशेब करताय,” म्हणाल्या. पण संबंध चांगले असतानाच असला करार होतो, कोंबडी मेल्यावर होत नाही.

फाटकाचं काम सर्वांत अवघड, कारण ते माणसांचं. दारात दिवसभर कोण कोण येतं? दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, मुलाचे मित्र, आजींचं गुरुवारचं भजनी मंडळ. मी त्यांना कुत्रं नसतानाच कुत्रं आहे असं समजून जगायला लावलं. फाटकाच्या आत सहा फुटांवर दुसरं, कमरेच्या वरपर्यंत येणारं फाटक बसवलं. नियम असा की बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. शेजारी दोरीने एक वही टांगली. ज्याला दोन्ही फाटकं एकाच वेळी उघडी दिसतील त्याने तारीख आणि कुणी उघडी ठेवली ते लिहायचं. ही कल्पना मुलाला फार आवडली, कारण वडिलांची तक्रार करायची अधिकृत सोय झाली. पहिल्या पंधरवड्यात वहीत सर्वांत जास्त वेळा नाव आलं ते सरांचंच. सकाळी शाळेच्या घाईत स्कूटर बाहेर काढताना ते दोन्ही फाटकं उघडून ठेवायचे. आजींचं नाव एकदाही नव्हतं. त्यांनी कडीला कोयंड्याऐवजी स्प्रिंगचा खटका लावून घ्या असं सुचवलं, म्हणजे फाटक आपोआप बसेल. तसा खटका लावला आणि सरांचं नाव वहीतून उतरलं.

मला विचाराल तर या वहीने कुटुंब तयार आहे की नाही ते सांगितलं. पुस्तकं, व्हिडिओ, जातीचा इतिहास, यातलं काहीच ते सांगू शकलं नसतं.

मुधोळची फेरी

पावसाळ्यात, शाळेला जोडून सुट्टी आली तेव्हा, आम्ही जमखंडीमार्गे मुधोळला गेलो. तिथे जवळच तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. आजूबाजूच्या गावांत घरोघरी ही कुत्री आहेत, आणि बऱ्याच कुटुंबांना पिल्लांच्या विक्रीचा आधार आहे. पिल्लू बघायला जायचं नाही, मोठी कुत्री बघायला जायचं, असं मी बजावलं होतं. आठ आठवड्यांचं कुठलंही पिल्लू बघून माणूस विरघळतो. मोठ्या कुत्र्याबरोबर अर्धा दिवस घालवला की खरं काय ते कळतं.

एका शेतकऱ्याच्या अंगणात तीन वर्षांची मादी होती. सर मोठ्या उत्साहाने पुढे झाले, हात लावायला वाकले. तिने गुरगुर केली नाही, शेपूट हलवलं नाही. मान बाजूला वळवून दोन पावलं मागे सरकली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. सरांनी पुन्हा प्रयत्न केला, ती पुन्हा सरकली. “सर, तिला परक्याचा हात नको असतो. आणखी मागे लागलात तर तोंड घालंल,” शेतकरी म्हणाला. सरांचा चेहरा उतरला. मनातलं चित्र शाळेतून आल्यावर अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याचं होतं. गाडीत परतताना मॅडम म्हणाल्या, “मला ते कुत्रं आवडलं. उगाच गळ्यात पडत नाही.” घरातला एक गडी तिथे फिरला असं मला वाटतं.

त्याच अंगणात दुसरी गोष्ट दिसली, आणि ती जास्त मोलाची. मादी बाजेखाली झोपलेली. पलीकडच्या गोठ्याच्या छपरावरून मांजर उतरलं. ती कधी उठली ते आम्हा कुणालाच दिसलं नाही. साखळी ताणल्याचा आवाज झाला आणि बाज दोन फूट सरकली. शेतकरी तिला नाव घेऊन हाका मारत होता, त्याच्याच हातून ती रोज भाकरी खाते. तिचा कानसुद्धा हलला नाही. मुलगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “वहीतलं वाक्य.”

पिल्लू कुठून घ्यायचं यावर सरांशी माझा थोडा वाद झाला. रस्त्याला लागून पिंजऱ्यात पिल्लं मांडणारे विक्रेते मिळतात, पाच आठवड्यांचं पिल्लूही देतात. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कायदा राहू दे, पण आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू किती जोरात चावायचं हे भावंडांकडून शिकलेलं नसतं. मी म्हणालो, आई समोर दिसली पाहिजे, तिचा स्वभाव आपण स्वतः बघितलेला पाहिजे, आणि पहिली लस, जंताचं औषध यांची नोंद डॉक्टरच्या सहीने पाहिजे. सर लगेच मिळणाऱ्या एका पिल्लावर भाळले होते. शेवटी ज्या मादीने त्यांना हात लावू दिला नव्हता, तिच्याच पुढच्या वेतातली मादी सांगून ठेवली. ती अनोळखी माणसापासून बाजूला सरकली होती, अंगावर आली नव्हती. मला पिल्लाच्या आईत हेच हवं होतं.

पिल्लू दिवाळीनंतरच आणायचं, हेही तेव्हाच ठरलं. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला नेहमीचं वाटू लागतं. त्या काळात घरी येऊन पहिल्याच आठवड्यात सुतळी बॉम्ब ऐकला तर तो जन्माचा बसतो.

घरातले नियम

पिल्लू यायच्या आधी मुलाच्या खोलीत एक बैठक झाली. बरंचसं मुलानेच लिहून काढलं. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, लांबून नाव घेऊन उठवायचं : या जातीची कुत्री गाढ झोपेत दचकली तर उठता उठता तोंड घालतात. जेवताना जवळ जायचं नाही. मित्रांनी कुरवाळायचं नाही, कुत्रं स्वतः आलं तर हनुवटीखाली हात, डोक्यावरून नाही. आजींनी यात आपला नियम घातला, देवघराचा. मी तो उचलून धरला, कारण पिल्लाला एका उंबऱ्यावर थांबायला शिकवलं की फाटकाच्या उंबऱ्यावर थांबायला शिकवणं सोपं जातं.

खाण्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं मटण घातलं की कुत्रं तिखट होतं, कुणी मिरची चारायला सांगितली. हे सगळं थोतांड. मुधोळ भागात ज्वारी किंवा मक्याची भाकरी, दूध आणि जमेल तेव्हा अंडं यावर कुत्री वाढतात, पण वाढत्या पिल्लाला तेवढं प्रथिन पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने भाकरीबरोबर उकडलेली अंडी, चिकन आणि दही ठरलं. खोल छातीच्या कुत्र्याला पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, म्हणून दिवसाचं खाणं एकदम न घालता विभागून, आणि खाल्ल्यावर लगेच पळापळ नाही. कांदा आणि द्राक्षं पूर्ण बंद. तासगावची द्राक्षं ज्या घरात पेटीने येतात तिथे हे आजींनाही वेगळं सांगावं लागलं.

सामान थोडंच घ्यायला लावलं. मुधोळची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा उलटं सरकून निघतो. म्हणून ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा. लांब दोरी छातीच्या हार्नेसला, गळ्याला कधीच नाही, कारण दहा मीटरच्या दोरीच्या टोकाला हे कुत्रं पूर्ण वेगात पोचलं तर मानेला इजा होते. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून जाड गादी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. आणि एक मुसकं, बैलाला घालतात तसं पण कुत्र्याच्या मापाचं, तोंड उघडून धापा टाकता येतील एवढं सैल.

मुसकं बघून मॅडम नाराज झाल्या. “आपलं कुत्रं चावणारं नाही म्हणताय, मग हे कशाला?” याचं उत्तर 2019 मध्ये होतं. पुरात लोकांना बोटीतून काढताना जनावरांचं काय झालं ते या कुटुंबाने डोळ्यांनी बघितलंय. नवं घर उंचावर आहे, पण जुन्या गल्लीतल्या नातेवाइकांना आणायला जायची वेळ पुन्हा येऊ शकते, घरात पंधरा माणसं येऊ शकतात. अशा गर्दीत परका हात न चालणारं कुत्रं मुसकं घालून शांत बसलं तर त्याला कुणी बाहेर काढा म्हणत नाही. मुसकं त्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नसतं. पिल्लाला त्यात दही लावून रोज चाटायला द्यायचं, म्हणजे ते स्वतः तोंड घालतं.

पुढे काय झालं

नोव्हेंबर 2024 मध्ये, नऊ आठवड्यांची होऊन, ती आली. आजींनी नाव ठेवलं हरणी. लसींचे पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, गोचिडांसाठी दर महिन्याचं औषध, हे सगळं मॅडमनी कॅलेंडरवर टाकून ठेवलेलं होतं आणि तसंच पार पडलं. लसी पूर्ण होईपर्यंत तिला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाजारात, बसस्टँडवर, शाळेच्या फाटकाशी नेत, हे काम मुलाचं. सकाळी सहाला उठण्याचा त्याचा उत्साह डिसेंबरच्या थंडीत मावळला. मग सर उठू लागले. असं होणार हे मी धरूनच चाललो होतो.

सहा महिन्यांपर्यंत सगळं गोड होतं. मग तिने आजींच्या लुगड्याचा एक काठ आणि मुलाचे बूट खाल्ले. उपाय व्यायामाचा होता, पण किलोमीटरचा नव्हता. ही कुत्री लांब पल्ल्याची नाहीत, छोट्या झपाट्याची आहेत. थोडा वेळ जीव तोडून पळायचं आणि मग दिवसभर झोपायचं. हाडं पुरती भरेपर्यंत कठीण रस्त्यावर सायकलमागे पळवायला मी मनाई केली. अंगणातच काठीला दोरी आणि दोरीला फडकं बांधून, ते जमिनीवरून फिरवून पाठलागाचा खेळ सुरू केला. फडकं थांबलं की “ये” म्हणायचं, आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. पळतं काही दिसल्यावर तिला हाक ऐकायला शिकवायचा याहून चांगला मार्ग माझ्याकडे नाही. आज अंगणात ती बहुतेक वेळा येते. लांब दोरीवर, माळावर, कमी वेळा. मांजर दिसलं तर अजूनही अजिबात नाही.

माळावर भेटणारी माणसं हा एक स्वतंत्र त्रास आहे. “मुधोळ आहे न्हवं, सोडा की सर, पळू दे.” एकदा मोटारसायकलवरून आलेल्या दोन पोरांनी थेट विचारलं, ससा धरतंय का. ससा मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कुत्र्याकरवी मारला तरी गुन्हाच. सरांनी शिक्षकी आवाजात हे ऐकवलं, पोरं हसून गेली. पण तेव्हापासून सरांनी फिरायची वेळ आणि वाट बदलली, कारण अशी कुत्री चोरीलाही जातात. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तिला मायक्रोचिप बसवून घेतली.

2025 च्या गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. हरणी मागच्या खोलीत. कुणीतरी भांडी घ्यायला गेलं आणि दार उघडं राहिलं. ती थेट पुढच्या दारातून बाहेर. आतलं फाटक पाहुण्यांनी सताड उघडं ठेवलेलं, बाहेरचं मात्र आजींच्या खटक्याने आपोआप बसलेलं. तिथे ती अडली. मुलाने हाका न मारता, पाठलाग न करता, चिकनचा डबा वाजवत उलट दिशेला, अंगणात चालत जाऊन तिला धरलं. आम्ही नेमकं हेच घोटून घेतलं होतं : सुटलेल्या मुधोळच्या मागे धावायचं नाही, तो खेळ ती जिंकते.

कोंबडी मेली ती मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती. हरणी कुंपणाबाहेर गेलीच नाही. काकूंची एक तलंग शेडनेटवरून उडून इकडे आली. सगळं क्षणात संपलं. काकू तणतणत आल्या, मॅडमनी ठरल्याप्रमाणे पैसे पुढे केले, आणि काकूंनीच मग “आमचीच कोंबडी तिकडं आली की” म्हणून निम्मे परत दिले. कोंबड्यांचे पंख आता कातरलेले असतात. सरांना हरणीला मारावंसं वाटलं होतं, त्यांनी तसं मला फोनवर सांगितलं. मी म्हणालो, तिने जे केलं ते तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलंय, मार खाऊन ती एवढंच शिकेल की तोंडात काही असताना सरांच्या जवळ जायचं नसतं.

माणसाला चावण्याचा प्रसंग आलेला नाही. फाटकावर पाटी आहे, सिलिंडरवाल्याला फोन करूनच या असं सांगितलेलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे सरांनी स्वतःच शोधून पाटीच्या मागच्या बाजूला, म्हणजे घरच्यांना दिसेल असं, चिकटवलंय.

एक गोष्ट आम्ही कमी धरली होती, माजाची. ऑक्टोबरमध्ये हरणी पहिल्यांदा माजावर आली आणि वसाहतीतले सगळे नर फाटकाबाहेर मुक्कामाला आले. कुंपण आतल्या कुत्र्यासाठी बांधलेलं, बाहेरच्याने आत येण्याचा विचारच नव्हता. ते दिवस तिला फक्त दोरीवर, घरातल्या कुणाच्या तरी हातात. त्यातच कवठेमहांकाळकडून एकाने आपल्या नरासाठी विचारणा केली, एक पिल्लू देतो म्हणाला. सर मोहात पडले. मी विचारलं, वेतात सात-आठ पिल्लं झाली तर त्यातल्या किती घरांना असं दुहेरी फाटक असेल? मॅडमनी तिथल्या तिथे विषय संपवला.

शस्त्रक्रिया माज संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी करायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. या जातकुळीच्या, म्हणजे ग्रेहाउंडसारख्या हडकुळ्या कुत्र्यांच्या शरीरातून थायोपेंटोनसारखी भुलीची काही औषधं फार सावकाश उतरतात आणि कुत्रं शुद्धीवर यायला धोकादायक उशीर होतो. म्हणून कुठली भूल वापरणार, वजन त्याच दिवशी करणार का, शुद्धीवर येईपर्यंत अंग गरम कसं ठेवणार, हे तीन प्रश्न मॅडमनी कागदावर लिहून काढलेत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. त्याआधी रक्ततपासणी करून घ्यायची आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं अजून व्हायचंय.